रेंज रोव्हरचं ५.० लिटर सुपरचार्ज्ड व्ही-८ पेट्रोल इंजिन: चेनचा आवाज ऐकू येतो, पाण्याचा येत नाही

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की २०१४ ची रेंज रोव्हर बघितलीये, पाच लिटर सुपरचार्ज्ड पेट्रोल, ६२ हजार किलोमीटर झालेली, एकाच मालकाची, भाव बरा वाटतोय, पण ज्याला विचारावं तो म्हणतो टायमिंग चेन जाते, हात लावू नका. तर हे इंजिन नेमकं कसं आहे, आणि खरंच एवढं बेभरवशाचं आहे का. जरा सविस्तर लिहितो, कारण हे इंजिन मी खूप उघडलंय. आता पुण्यात असलो तरी त्याआधी अकरा वर्षं शारजाला इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजात होतो. तिथं मोठ्या गाड्या जवळपास सगळ्या पेट्रोलच, त्यामुळे आठवड्याला एखादं तरी हे इंजिन समोर यायचंच. आपल्याकडं रेंज रोव्हर बहुतेक डिझेल विकल्या गेल्या, म्हणून इथल्या चांगल्या चांगल्या मेकॅनिकांच्या हाताखालून हे पेट्रोल इंजिन फार गेलेलं नाही. मग ऐकीव गोष्टी फिरत राहतात आणि त्यात चेनची गोष्ट सगळ्यात जोरात फिरते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चेनचा प्रॉब्लेम खरा आहे, पण चेन बिघडायच्या आधी कित्येक महिने ओरडून सांगते. मी जी इंजिनं खरोखर मेलेली बघितली त्यातली बहुतेक पाण्यामुळे मेली, म्हणजे कूलंट गेलं, इंजिन तापलं, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण वाकलं. आणि पाणी जातं ते गुपचूप. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा कान चेनकडं असू द्या, पण नजर कूलंटवरच ठेवा.

आता इंजिनाची माहिती. ह्याचं नाव एजे-१३३. जग्वारच्या जुन्या व्ही-८ घराण्यातली ही तिसरी पिढी, २००९ मध्ये २०१० च्या मॉडेलसाठी आली. टाटांनी फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर घेतली जून २००८ मध्ये, म्हणजे ह्याचं डिझाईन झालं फोर्डच्या काळात आणि बाजारात आलं टाटांच्या काळात. बनायचं वेल्समधल्या ब्रिजेंडला फोर्डच्या कारखान्यात. तो कारखाना सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला आणि मग लँड रोव्हरनं ह्या इंजिनाचं काम स्वतःच्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यात नेलं. आधीच्या रेंज रोव्हरमध्ये २००२ ला बीएमडब्ल्यूचं ४.४ व्ही-८ होतं, मग जग्वारची ४.४ आणि ४.२ आली, मग हे पाच लिटर, आणि २०२२ च्या नव्या रेंज रोव्हरमध्ये परत बीएमडब्ल्यूचंच ४.४ आलं. म्हणजे मधली पंधरा-सोळा वर्षं ह्या गाडीत जग्वारच्याच घराण्याचा व्ही-८ होता आणि त्यातलं हे शेवटचं.

नव्वद अंशाचा व्ही-८, बोअर ९२.५ मिलीमीटर, स्ट्रोक ९३, म्हणजे जवळजवळ चौकोनी इंजिन, कपॅसिटी पाच हजार सीसी. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि आत बिडाचे लायनर, ही फार चांगली गोष्ट आहे, कारण त्याच काळातल्या काही जर्मन व्ही-८ मध्ये लायनरच नसतात, सिलिंडरची भिंतच खास ॲल्युमिनियमची असते आणि तिला ओरखडे पडले की दुरुस्ती फार महाग जाते. दोन्ही बँकेला, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन्ही रांगांना, व्हॉल्व्ह उघडणारे दोन-दोन कॅमशाफ्ट, बत्तीस व्हॉल्व्ह, चारही कॅमला व्हेरिएबल टायमिंग. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, १५० बार प्रेशरनं, इंजेक्टर बरोब्बर मध्यभागी. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, ईटन कंपनीचा, टीव्हीएस प्रकारचा, चार पाकळ्यांचे १६० अंश पिळलेले दोन रोटर, एका फेऱ्यात १.९ लिटर हवा ढकलतो, आणि दोन्ही बँकेच्या मधल्या दरीत अगदी वर बसलेला असतो. हे 'दरीत वर बसलेला' लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावर येणार आहे.

साध्या, सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाला ३७५ पीएस आणि कॉम्प्रेशन ११.५, तुमच्यावाल्या सुपरचार्ज्डला ५१० पीएस, ६२५ न्यूटन मीटर टॉर्क आणि कॉम्प्रेशन ९.५. पुढं रेंज रोव्हर स्पोर्टच्या एसव्हीआर मॉडेलमध्ये हेच इंजिन ५५० आणि मग ५७५ पीएसपर्यंत नेलं, खालचा भाग मूळचाच. एकाच इंजिनातून कंपनी स्वतः एवढी जास्त ताकद काढते आणि क्रँक, बेअरिंग, पिस्टनच्या तक्रारी तरीही फार येत नाहीत, ह्यावरून मला तरी मूळ इंजिन मजबूत वाटतं. अकरा वर्षांत नुसतं बेअरिंग गेलं म्हणून आलेली इंजिनं बोटावर मोजण्याइतकी बघितली आणि ती पण तेल नसताना पळवलेली. गिअरबॉक्स झेडएफचा आठ स्पीड, तो ह्या गाडीतला सगळ्यात कमी त्रास देणारा भाग, त्याचं तेल वेळेवर बदललं की झालं. ॲव्हरेज विचारू नका असं नाही, विचारा, शहरात चार-पाचच्या वर धरू नका, हायवेला शांत चालवली तर आठ दिसतं.

आता चेन, म्हणजे खालच्या क्रँकवरून वरचे कॅम फिरवणारी साखळी. दोन मुख्य चेन, प्रत्येक बँकेला एक. प्रत्येक चेनला एक हलणारं गाईड आणि त्याला मागून दाबणारा टेन्शनर, जो तेलाच्या प्रेशरवर चालतो. सुरुवातीच्या इंजिनांत, म्हणजे साधारण २०१० ते २०१२, ह्या टेन्शनरचं टोक गाईडच्या पाठीवर जिथं टेकायचं ती जागा लहान आणि मऊ होती, तिथं हळूहळू खड्डा पडायचा. खड्डा पडला की टेन्शनरला तेवढं जास्त बाहेर यावं लागतं आणि एका मर्यादेपुढं तो चेनला ताणू शकत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली, तेल खाली उतरलं, सकाळी स्टार्ट केली की पहिले काही सेकंद चेन गाईडवर आपटते, खर्रर्र असा डिझेलसारखा आवाज येतो, तेल चढलं की बंद. पुढं पुढं तो आवाज गरम इंजिनावरही राहतो, मग स्कॅनरला पी-००१६ पासून पी-००१९ पर्यंतचे कोड येतात, म्हणजे क्रँक आणि कॅमचा हिशोब जुळत नाहीये. तिथपर्यंत गेल्यावर मात्र गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही, कारण चेन सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

नंतरच्या पार्टमध्ये त्या टेकायच्या जागी स्टीलची टिकली आली, टेन्शनरही बदलला. तुमची २०१४ ची आहे म्हणजे सुधारलेले पार्ट असायला हवेत, पण म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही, कारण ह्या सगळ्याच्या मुळाशी तेल आहे. ब्रिटन-अमेरिकेत कंपनीनं तेलबदली पंधरा-सोळा हजार मैल किंवा एक वर्ष अशी लिहून ठेवली होती. पंधरा हजार मैल म्हणजे चोवीस हजार किलोमीटर. पाच लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, थेट इंजेक्शन, पातळ ५डब्ल्यू-२० तेल, आणि चोवीस हजार किलोमीटर तेच तेल. माझ्या मते चेनच्या अर्ध्या केसेस ह्या एका आकड्यानं तयार केल्या. शारजाला आमचे जे गिऱ्हाईक आठ हजाराला तेल बदलायचे त्यांच्या गाड्या दोन-दोन लाख किलोमीटरला मूळ चेनवर होत्या, आणि जे पुस्तकाप्रमाणे चालायचे ते नव्वद हजाराला आवाज घेऊन यायचे. आपल्याकडं तर गाडी वर्षाला चार हजार पळते आणि बाकी वेळ ट्रॅफिकमध्ये नुसती उभी राहून चालू असते, म्हणून किलोमीटर बघूच नका, सहा-आठ महिने झाले की तेल बदला. साधारण आठ लिटर लागतं. आणि ह्या मॉडेलला तेल बघायची काडी नाही, लेव्हल स्क्रीनवर मेन्यूत बघावी लागते, इंजिन गरम करून बंद केल्यावर दहाएक मिनिटं थांबून. बरेच मालक हे कधी करतच नाहीत, वर्षभर कुणी लेव्हल बघितलेलीच नसते.

चेन बदलायची वेळ आलीच तर इंजिन गाडीत ठेवून होतं, पुढचं कव्हर उघडून. आमच्याकडं दोघं जण पूर्ण दोन दिवस घ्यायचो. टायमिंग लॉक करायचे खास टूल नसलेल्या माणसाकडं हे काम देऊ नका, मार्कर पेननं खुणा करून चेन बसवणारे बघितलेत मी आणि त्यांची पडलेली व्हॉल्व्हही बघितलीयेत. आणि नुसती चेन नाही, गाईड, टेन्शनर, सगळे सील एकदमच.

बरं, आता पाणी. इथं जरा थांबून वाचा.

सुपरचार्जरच्या खाली, दोन्ही बँकेच्या मधे, इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला कूलंट नेणारे पाईप आहेत, दोन्ही प्लॅस्टिकचे. पुढचा दोन्ही हेडला जोडलेला, आपण त्याला वाय पाईप म्हणतो. मागचा हीटरचा मॅनिफोल्ड, फायरवॉलकडं, सुपरचार्जरच्या बुडाखाली दडलेला. हे पाईप एकसंध नाहीत, दोन अर्धे भाग बनवून ते वेल्ड केलेले, म्हणजे मधे शिवण आहे. आता जागा बघा कुठली, खाली ॲल्युमिनियमचा तापलेला ब्लॉक, वर सुपरचार्जर, वारा लागायचा प्रश्नच नाही. रोज तापणं-थंड होणं, रोज प्रेशर चढणं-उतरणं. आठ-दहा वर्षांत ते प्लॅस्टिक कडक होतं, रंग उडतो, आणि शिवण उघडायला लागते. काही वेळा नुसतं पाझरतं, काही वेळा हायवेला फुल लोडवर सरळ फाटतं. काढताना तर हातात तुकडे येतात, मी कित्येकदा त्याचे बारके कण कूलंटच्या भोकांतून चिमट्यानं वेचून काढलेत.

पाझरण्याच्या अवस्थेत काय दिसतं? काहीच नाही, हाच घोळ आहे. दरीत पडलेलं थोडंसं कूलंट गरम ब्लॉकवर वाळून जातं, जमिनीवर थेंबही येत नाही. महिन्याला दोनशे मिली, मग पंधरा दिवसाला दोनशे मिली. गाडी थोडी गोडसर वास मारते. पुढचा पाईप गळत असेल तर पुलीच्या आसपास आणि मागचा गळत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर खाली ओल दिसते, आणि तिथं बरेच जण सांगतात की क्रँकचा मागचा ऑईल सील गेलाय. बोट लावून बघा, तेल आहे की नारिंगी कूलंट. मग एक दिवस लेव्हलचा दिवा लागतो आणि ड्रायव्हर बाटलीभर पाणी ओततो, दिवा जातो, आणि सगळ्यांना वाटतं प्रॉब्लेम मिटला.

जुलैतली गोष्ट सांगतो. एक साहेब, आपलेच, मूळचे चिपळूणचे, तिकडं बांधकामात मोठे, हेच इंजिन, २०११ चं मॉडेल. ड्रायव्हर दर चार दिवसांनी पाणी टाकत होता आणि त्यानं एका गॅरेजात दाखवलंही होतं, त्या गॅरेजवाल्यानं टाकीचं झाकण बदलून दिलं. अल ऐनच्या रस्त्याला, बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, एसी फुल, पाईप फाटला. टेंपरेचरचा काटा? मधेच. ह्या गाड्यांत, आणि हल्लीच्या बहुतेक गाड्यांत, काटा खरं टेंपरेचर दाखवत नाही, एका मोठ्या रेंजमध्ये तो मधेच ठेवलेला असतो म्हणजे मालक घाबरत नाही. त्यात सेन्सर पाण्यात बुडालेला असायला लागतो, पाणीच नसेल तर तो वाफेचं नाहीतर हवेचं टेंपरेचर सांगतो. काटा हलेपर्यंत, 'रिस्ट्रिक्टेड परफॉर्मन्स'चा मेसेज येईपर्यंत हेड वाकलेलं होतं. ड्रायव्हर म्हणाला पाच मिनिटं पण नाही चालवली. मला ते खरं वाटतं. ॲल्युमिनियमच्या हेडला पाच मिनिटं पुष्कळ होतात.

दोन्ही हेड उतरवली. एक फेसिंग मारून बसवण्यासारखं होतं, दुसऱ्यात कॅमशाफ्ट हातानं फिरेना. हे नीट समजून घ्या कारण इथं खूप फसवणूक होते. हेड वाकलं की फक्त खालचा तळ वाकत नाही, वरची कॅमच्या बेअरिंगची रेषापण वाकते. लेथवाला तळाला फेसिंग मारून तळ सपाट करून देतो, पण वरची रेषा वाकडीच राहते, मग कॅम घासत फिरतो, आणि वीस हजार किलोमीटरनंतर दुसरंच काहीतरी बोंबलतं. त्यामुळं कुणी सांगितलं की एकदा हीट झाली होती, हेड फेसिंग करून घेतलंय, आता मस्त आहे, तर ती गाडी सोडून द्या. फेसिंगचं बिल दाखवलं तरी सोडा.

उपाय काय, तर दोन्ही पाईप एकाच वेळी बदलायचे, वयावर, गळायची वाट न बघता. ॲल्युमिनियमचे पाईप बाहेर मिळतात, चांगल्या मेकचे घ्या, ते एकदाच बसवायचं काम. एकाच वेळी का म्हणतो, कारण ही चूक मी स्वतः केलीये. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचा पुढचा पाईप गळत होता, त्यांचा खर्च वाचवावा म्हणून पुढचाच बदलला, मागचा बरा दिसत होता. सात महिन्यांनी मागचा गेला. नशिबानं घराच्या गेटमध्येच कळलं म्हणून इंजिन वाचलं. पण त्या माणसाला तेच काम पुन्हा करावं लागलं आणि त्यांनी मला एका शब्दानं बोललं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून एक बदलायचा म्हटलं तर मी काम घेतच नाही.

त्याचबरोबर वॉटर पंप. हा पण ह्या इंजिनाचा कच्चा भाग, शाफ्टच्या सीलमधून पाझरतो, कंपनीनं त्याचं डिझाईन सुधारलेलं आहे, नवीन घेताना शेवटचा पार्ट नंबर बघूनच घ्या. थर्मोस्टॅटची हाऊसिंग प्लॅस्टिकची, तीपण त्याच वेळी. आणि आपल्याकडची एक सवय, गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा, ती इथं अजिबात नको. इंजिन थंड राहिलं की कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, ते तेलात उतरतं, आणि मूळ गळती तशीच राहते. कूलंट नारिंगी ओएटी प्रकारचं आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. बोअरचं पाणी ॲल्युमिनियमला खातं. भरताना व्हॅक्यूमनं भरून घ्या, नुसतं ओतून टाकी भरलेली दिसते आणि आत हवा अडकलेली असते. भरून झाल्यावर हीटर फुल गरमवर लावून बघायचा, थंड हवा आली तर अजून हवा आहे.

आता सुपरचार्जरची गोष्ट. सुपरचार्जर स्वतः फार कमी वेळा खराब होतो, जातो तो त्याच्या नाकाडातला कपलर. पुली आणि रोटर ह्यांच्या मधे एक स्प्रिंगवाला छोटा भाग आहे, झटके शोषायला. तो झिजला की आयडलवर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, रेस दिली की जातो. हा आवाज आणि चेनचा आवाज, दोन्ही इंजिनाच्या पुढूनच येतात, आणि कित्येक जणांनी कपलरच्या आवाजासाठी चेन बदलून घेतलीये. ओळखायची पद्धत सोपी. सुपरचार्जरचा बेल्ट उतरवून अगदी थोडा वेळ इंजिन चालू करा, आवाज गेला तर कपलर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक नाकाडाला आणि मूठ कानाला लावूनही कळतं पण त्याला सवय लागते. कपलर स्वस्त आहे, स्प्रिंगऐवजी भरीव मटेरियलचा मिळतो, तो बरा टिकतो.

पण मजुरी कुठं जाते, तर सुपरचार्जर उतरवण्यात. म्हणून सांगतो, सुपरचार्जर एकदाच उतरवायचा आणि त्याच्याखालचं जे जे आहे ते सगळं त्याच वेळी करून घ्यायचं. मागचा कूलंट पाईप, दरीतले छोटे होज, कपलर, इंजेक्टरचे सील, आणि इनटेक व्हॉल्व्हची सफाई. थेट इंजेक्शन असल्यामुळं पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतच नाही, त्यामुळं तिथं काजळी आणि तेलाचा थर जमतो, ६०-७० हजाराला बऱ्यापैकी दिसतो. आयडलला हलकी थरथर, सकाळी एखादा मिसफायर, ही त्याची लक्षणं. अक्रोडाच्या सालीचा भुगा मारून साफ करतात, केमिकलचा स्प्रे मारून हा थर निघत नाही, मी करून बघितलंय. हे सगळं एकत्र केलं तर एका मजुरीत होतं, सुटं सुटं केलं तर तीच मजुरी चार वेळा.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. हाय प्रेशर फ्युएल पंप दोन आहेत, गेला तर पी-००८७ कोड येतो आणि गाडी ओढत नाही, क्वचित पेट्रोल तेलात मिसळतं, तेलाला पेट्रोलचा वास येतो का बघत जा. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या भागाचा, पडदा फाटतो, मग शिट्टीसारखा आवाज आणि तेल खाणं, पार्ट छोटा, काम सोपं. इग्निशन कॉईल आणि प्लग हा झिजायचाच माल, वेळेवर बदलायचा. इंटरकूलर पाण्यानं थंड होणारे आहेत आणि त्यांचा वेगळा इलेक्ट्रिक पंप आहे, तो गेला की थंड सकाळी गाडी पळते आणि दुपारी घाटात जीव नसल्यासारखी होते, दिवाही लागत नाही, हे बरेच जण ओळखत नाहीत.

कुणी तुम्हाला त्याऐवजी तीन लिटर व्ही-६ सुपरचार्ज्ड घ्या म्हणाला तर तेही सांगून ठेवतो. ते इंजिन ह्याचंच भावंड आहे, ३४० पीएस, ४५० न्यूटन मीटर, बोअर ८४.५, स्ट्रोक ८९. ब्लॉक व्ही-८ चाच, मागची दोन सिलिंडर बंद ठेवलेली. सहा सिलिंडरला नव्वद अंशाचा कोन सोयीचा नसतो म्हणून त्यात क्रँकपिन विभागलेल्या आणि बॅलन्स शाफ्ट टाकलेत. पण प्लॅस्टिकचे पाईप तेच, चेनची रचना तीच, कपलरची तक्रार तीच. पेट्रोल थोडं वाचेल, देखभालीत काही वाचणार नाही. तुम्हाला दोन्हीतून निवडायचं असेल तर मी आठ सिलिंडरच घेईन.

पेट्रोलचं पण विचारलं होतं. ह्या गाडीला कमीत कमी ९५ ऑक्टेन लागतं. कमी दिलं तर नॉक सेन्सर टायमिंग मागं घेतात, गाडी चालते पण गरम चालते. पुस्तकात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत लिहिलंय आणि आता आपल्याकडं पंपावर ई-२० आलंय. रोज फिरणाऱ्या गाडीपेक्षा मला उभ्या राहणाऱ्या गाडीची जास्त काळजी वाटते, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ह्या सिस्टीममध्ये १५० बारचे दोन पंप आणि बारीक भोकांचे आठ इंजेक्टर आहेत. महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर गाडी झाकून ठेवू नका, थोडं पेट्रोल टाका, संपवा, परत टाका.

आता तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा काय करायचं. आदल्या दिवशी मालकाला सांगा की मी यायच्या आधी गाडी स्टार्ट करायची नाही. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर चहा पिऊन परत या, नाहीतर दुसरा दिवस ठरवा. स्टार्ट करताना मोबाईल इंजिनाच्या पुढं धरून रेकॉर्डिंग चालू ठेवा, पहिले दहा सेकंद महत्त्वाचे. एक-दोन सेकंदाची खरखर आणि लगेच शांत, तर तेल-टेन्शनरकडं लक्ष द्यायचं एवढंच. पाच-सात सेकंद राहिली किंवा गरम झाल्यावरही असली तर चेनचा खर्च भावातून वजा करा.

मग टॉर्च घेऊन सुपरचार्जरच्या मागं आणि नाकाडाच्या खाली बघा, पांढरट-नारिंगी पापुद्रा दिसतो का. कूलंटची टाकी उघडा, इंजिन गार असतानाच, रंग बघा, पाण्यासारखं फिकं असेल तर कुणीतरी सारखं पाणी टाकतंय. चॉकलेटी साय असेल तर तिथूनच घरी जा. स्कॅनर लावून लाईव्ह टेंपरेचर बघा, काट्यावर विश्वास ठेवू नका. चांगल्या इंजिनाला ट्रॅफिकमध्ये ९० ते १०५ च्या मधे दिसतं. जुने पुसलेले कोड शोधायला सांगा, आणि चार दिवसांपूर्वीच सगळे कोड पुसलेले दिसले तर का पुसले ते विचारा.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे कूलंटची प्रेशर टेस्ट, आणि ती दहा मिनिटांची नाही. संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर एक बार प्रेशर देऊन पंप तसाच लावून रात्रभर ठेवायचा, सकाळी काटा बघायचा. तापलेलं प्लॅस्टिक फुगून शिवण बंद करतं, गार झाल्यावरच ती उघडते, म्हणून गरम इंजिनावर केलेली टेस्ट पास होते आणि गाडी घेतल्यावर महिनाभरात गळायला लागते. मालक रात्रभर गाडी गॅरेजात ठेवायला तयार नसेल तर त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये करा, पंप एवढुसा असतो.

बिलं मागाल तेव्हा किलोमीटरपेक्षा तारखा बघा. ६२ हजार किलोमीटर दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला सहा हजार. तेल वर्षातून एकदा तरी बदललंय का, का दोन-अडीच वर्षांच्या सुट्ट्या आहेत. आणि कूलंट पाईपचं, वॉटर पंपचं बिल आहे का. असेल तर त्या गाडीला मी थोडे जास्त पैसे देईन. नसेल तर पाईप मूळचेच आहेत असं धरून चाला, गळत नसले तरी, आणि सुपरचार्जर उतरवून करायचं सगळं काम मी वर सांगितलं तसं गाडी घेतल्याच्या पहिल्या महिन्यातच करून घ्या, पासिंग-इन्शुरन्ससारखंच ते गाडीच्या किमतीतच धरा. ते पैसे बाजूला ठेवायची तयारी नसेल तर ही गाडी घेऊ नका. इंजिन बसलं तर शारजाच्या स्क्रॅपयार्डातून जुनं इंजिन आणून देतो म्हणणारे भेटतील, मी ती यार्डं आतून बघितलीयेत, तिथं इंजिन बाहेरून धुऊन ठेवतात आणि ते किती वेळा तापलं होतं हे कुणालाच माहीत नसतं.

तुम्ही रविवारी जाणार म्हणालात ना, तर मागच्या पाईपच्या जागेचा टॉर्च लावून फोटो आणि कोल्ड स्टार्टचं रेकॉर्डिंग पाठवा, मी ऐकून सांगतो. आणि प्रेशर टेस्टचा पंप नसेल तर माझ्याकडचा घेऊन जा.